२० सेंटिमीटरचा श्वास

ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. सर्जन कोण? मग हॉस्पिटल कोणतं, रूम सिंगल की शेअरिंग, मेडिक्लेम कॅशलेस आहे ना... चार मावश्या, दोन काका आणि ऑफिसातली एखादी ‘अनुभवी’ मैत्रीण, एवढ्यांचा सल्ला घेऊन सर्जन ठरतो. भूल कोण देणार, हे मात्र मी आजवर कुणालाही विचारताना ऐकलेलं नाही. लग्नात केटरर कोण हे सगळ्यांना पाठ, लाइट गेली तर जनरेटर कोण बघणार हे कुणालाच ठाऊक नाही, तसलाच प्रकार. खरं तर टेबलावर आपलं पोट किंवा गुडघा तेवढा सर्जनच्या ताब्यात असतो. श्वास दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतो.

मलाही हे कळलं ते माझ्या गाठीमुळे. छातीत अडीच सेंटिमीटरची गाठ, फायब्रोअ‍ॅडेनोमा नावाची. विशी-तिशीतल्या मुलींमध्ये अगदी कॉमन, कॅन्सरबिन्सर काही नाही. पण ती वाढत होती, म्हणून काढायचं ठरलं. डे-केअर सर्जरी, सकाळी जा आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात खा. आदल्या आठवड्यात भूलतज्ज्ञांकडे तपासणीला पाठवलं, तेव्हा मला वाटलं बीपी बघतील आणि सही घेतील.

पन्नाशीच्या डॉक्टर मॅडम. टेबलावर हेल्मेट, खुर्चीशेजारी भलीमोठी बॅग. ‘तोंड उघड. अजून. जीभ बाहेर काढ. आता मान मागे टाक.’ मग प्रश्न. हलणारा दात आहे का? घोरतेस का? अ‍ॅसिडिटी होते का? रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येतं का? मला तर हे डेंटिस्टकडे आल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, ‘तुला ट्यूब घालायची गरज नाही. एलएमए पुरेल. प्रेशर विसाच्या आत राहील, छान होईल काम.’

वीस काय? पत्रकारितेच्या कोर्समध्ये एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली जाते. आकडा आला की एकक विचारायचं.

‘सेंटिमीटर पाणी,’ त्या म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच, श्वासाचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्येच मोजतात. आणि तो समजून घ्यायला मेडिकलची अ‍ॅडमिशन लागत नाही. एक उंच बाटली पाण्याने भरा, त्यात स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंका. पहिला बुडबुडा निघतो, तेव्हा तुम्ही १० सेंटिमीटर पाण्याचा दाब दिलेला असतो. तसाच २० सेंटिमीटरचा करून बघा, गालांना चांगलंच जाणवतं. (नवजात बाळांच्या आयसीयूत ‘बबल सीपॅप’ नावाचं यंत्र असतं, ते याच स्ट्रॉच्या फंड्यावर चालतं.) तुलनेसाठी सांगते, स्कूटरच्या टायरमधला दाब याच मापात २,००० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे आपण बोलतोय ते अगदी नाजूक आकड्यांबद्दल. ५ इकडे, १० तिकडे.

आता हा दाब लागतोच कशाला? एरवी आपण श्वास ओढतो. छाती फुगते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो, हवा आपसूक आत येते. पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिलं की हे ओढणं थांबतं. मग यंत्र हवा ढकलतं. ओढणं आणि ढकलणं, सगळा फरक एवढाच, पण त्या फरकाने सगळं बदलतं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली होती, तेव्हा बियर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑपरेशन थिएटरमधली ही ढकलण्याची रीत वॉर्डात आणली. पुरेशी यंत्रं नव्हती, म्हणून मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हाताने रबरी पिशवी दाबत बसले. अशा विद्यार्थ्यांची संख्या १,५०० च्या घरात होती. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात.

पण ढकललेल्या हवेला पाटी वाचता येत नाही. घशाच्या तळाशी दोन दारं आहेत. पुढचं श्वासनलिकेचं, मागचं अन्ननलिकेचं. आपण ओढतो तेव्हा हवा बरोबर पुढच्या दाराने जाते, कारण ओढणारी फुप्फुसं तिकडे असतात. यंत्र वरून ढकलायला लागलं की हवा जिथे वाट मिळेल तिथे घुसते. दाब कमी असेल तोवर ती फुप्फुसात जाते. साधारण १५ ते २० सेंटिमीटरच्या वर गेला, की मागचं दारही किलकिलं होऊ लागतं. हवा पोटात जाते, जठर फुग्यासारखं फुगतं आणि आतलं आंबट पाणी वर चढतं. जागेपणी आपण खोकलो असतो. भुलेत खोकला झोपलेला असतो! ते अ‍ॅसिड फुप्फुसात उतरलं तर काय होतं, हे कर्टिस मेंडेल्सन या न्यू यॉर्कच्या डॉक्टरने १९४६ मध्ये बाळंतिणींच्या केसेसवरून लिहून ठेवलंय. रात्री झोपण्यापूर्वी वाचू नये.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे एन्डोट्रॅकियल ट्यूब. स्वरतंतूंच्या मधून नळी थेट श्वासनलिकेत घालायची आणि तिच्या टोकाजवळचा छोटा फुगा फुगवून वाट सील करायची. खरं तर त्या फुग्याचाही दाब सांभाळायचा असतो, २० ते ३० सेंटिमीटर. कमी झाला तर गळती, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा अडतो. बोटाने चाचपून अंदाज घेणं ही जुनी सवय, पण बोटाचा अंदाज चुकतो. दाब मोजायला छोटा मीटर मिळतो.

आणि मग १९८१ मध्ये रॉयल लंडन हॉस्पिटलमधल्या आर्ची ब्रेन या भूलतज्ज्ञाच्या डोक्यात आलं की, बाहेर चेहऱ्यावर धरायचा मास्क आणि आत खोल घालायची नळी, या दोन्हींच्या मधलं काही का असू नये? त्याने दातांच्या डॉक्टरांकडचा नाकावर लावायचा गोल्डमन मास्क घेतला, त्याची हवेची कड एका नळीला चिकटवली आणि शवांच्या घशाचे प्लास्टरचे साचे काढून आकार जुळवत बसला. १९८३ मध्ये २३ रुग्णांवरचा पहिला पेपर, १९८८ मध्ये ब्रिटनच्या बाजारात. तीच ही एलएमए, म्हणजे लॅरिंजियल मास्क एअरवे. स्वरयंत्राच्या तोंडावर टोपीसारखी बसते, स्वरतंतूंना हात लावत नाही. घसा कमी दुखतो, जाग यायची वेळ शांत जाते. म्हणूनच मला लाभली.

फक्त या टोपीची एक मर्यादा आहे. ती घट्ट सील नाही. जुन्या, क्लासिक एलएमएच्या कडेतून साधारण २० सेंटिमीटरला हवा फुसफुसायला लागते. आणि मागचं दार उघडायचा आकडाही साधारण तोच! डॉक्टर मॅडमचं ‘विसाच्या आत’ इथून येतं. २००० नंतर आलेल्या दुसऱ्या पिढीच्या उपकरणांनी ही मर्यादा वर नेली. प्रोसील २५ ते ३० पर्यंत तग धरते, २००७ मध्ये आलेल्या आय-जेलला तर फुगाच नाही, जेलसारखा मऊ प्लास्टिकचा साचा असतो. दोन्हींना पोटातलं पाणी आणि हवा बाहेर काढायला वेगळी वाटही ठेवलेली आहे.

मग यंत्राला काय सांगायचं, हा पुढचा निर्णय. हे मला मॅडमनी लोकलच्या भाषेत समजावलं, आणि त्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. एक पद्धत व्हॉल्यूम कंट्रोल. ‘या डब्यात चाळीस माणसं चढलीच पाहिजेत.’ डबा रिकामा असेल तर आरामात चढतात, गच्च असेल तर धक्का वाढतो, म्हणजे दाब वाढतो. हवा ठरलेली, दाब होईल तो होईल. दुसरी प्रेशर कंट्रोल. ‘धक्का एवढाच मारायचा, चढतील तेवढी चढू देत.’ दाब ठरलेला, हवा जाईल तेवढी जाईल. त्यातही हवा सुरुवातीला जोरात आणि मग हळूहळू जाते, त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी दाबाचं शिखर कमी राहतं. एलएमएला हे सोयीचं, म्हणून बरेच भूलतज्ज्ञ तिच्याबरोबर प्रेशर कंट्रोल पसंत करतात. किंवा पेशंटला स्वतःचा श्वास घेऊ देतात आणि यंत्र नुसता मागून हात लावतं, तो प्रेशर सपोर्ट.

‘मग सगळ्यांना प्रेशर कंट्रोलच का नाही लावत?’ मी विचारलं.

‘कारण ते गुपचूप फसवतं,’ त्या म्हणाल्या. नळी मुडपली, छाती आखडली, पेशंट अर्धवट जागा झाला, तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये दाबाचा आकडा उसळतो आणि सगळं थिएटर सावध होतं. प्रेशर कंट्रोलमध्ये दाबाचा आकडा शहाण्या मुलासारखा जागच्या जागी राहतो, कमी होते ती आत जाणारी हवा. ती बघत बसावी लागते. अलार्म असतात, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख असतो, पण तो बघणारे डोळे लागतातच. हल्लीच्या यंत्रांत दोन्हींचा मेळ घालणारे मोडही आलेत. डोळे तरीही लागतात.

माझं ऑपरेशन ४० मिनिटांत झालं. दाब १४ च्या वर गेला नाही, हे मला नंतर चार्टवरून कळलं. हा चार्ट मागता येतो, हेही बहुतेकांना माहीत नसतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने कागदपत्रं मागितली की ७२ तासांत द्यावी लागतात. माझ्याकडे माझ्या श्वासाचा दर पाच मिनिटांचा हिशोब आहे. बँक स्टेटमेंटपेक्षा तो बरा दिसतो.

खरी कसोटी आली चार महिन्यांनी. आईच्या पित्ताशयात खडे निघाले.

आमची आई ५८ वर्षांची. डोंबिवलीच्या एका भजनी मंडळाची ती मुख्य गायिका. म्हणजे ‘गायिका’ असं ती स्वतः कधी म्हणणार नाही, पण काळी चारमध्ये तिने अभंग उचलला की मागच्या बायका आपोआप सरळ बसतात. बाबा गेल्यानंतर तिला उभं केलं ते या मंडळाने. त्यामुळे ऑपरेशन म्हटल्यावर तिला पोटाची काळजी नव्हती, गळ्याची होती. शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं की भुलेच्या नळीने आवाज जातो. काकूंच्या नणंदेचा म्हणे सहा महिने बसला होता.

माझ्या आग्रहामुळे भूल त्याच डॉक्टर मॅडमनी द्यायची ठरली. तपासणीला मी बरोबर होते. आईने बसल्या बसल्या सांगून टाकलं, ‘डॉक्टर, मला नळी नको. हिला घातलं होतंत ना, ते मऊ, तेच घाला.’

त्या हसल्या. तोंड उघडा, मान मागे, सगळं झालं. शुगर अकरा वर्षांची. वजन ७२ किलो, उंची ५ फूट.

‘अ‍ॅसिडिटी?’

‘नाही हो,’ आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या पर्समध्ये, किल्ल्यांच्या शेजारी, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती. रात्री ती दोन उशा घेऊन झोपते, कारण आडवं झालं की घशाशी येतं. पण हे तिच्या लेखी आजारात मोडतच नाही. अ‍ॅसिडिटी म्हणजे घरातल्या बाईचा स्वभाव, डॉक्टरांना काय सांगायचं त्यात! शिवाय तिला उत्तर ‘हो’ दिल्यावर काय होणार याचा बरोबर अंदाज आला होता. ती शाळेत शिक्षिका होती, प्रश्नामागचा प्रश्न तिला कळतो.

मी सांगून टाकलं. गोळ्या, दोन उशा, सगळं. आईने माझ्याकडे जे बघितलं ते मी लिहिणार नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘काकू, मग तुम्हाला ट्यूबच.’

‘पण आवाज...’

‘आवाजाला काही होऊ नये म्हणून बारीक नळी घेईन, फुगा मीटर लावून फुगवीन. दोन दिवस घसा खवखवेल. पण तुमच्या पोटातलं फुप्फुसात गेलं, तर मग आवाजाचा प्रश्नच राहणार नाही.’

जरा कठोर वाटलं तेव्हा. पण पुढचं गणित त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे १२ मिलिमीटर पारा म्हणजे १६ सेंटिमीटर पाणी. हा दाब छातीत जसाच्या तसा जमा होत नाही, पण तो पडद्याला खालून वर रेटतो, फुप्फुसांना फुगायला जागा कमी पडते, आणि तेवढीच हवा घालायला यंत्राला जास्त दाब लावावा लागतो. त्यात पोटावरचं वजन. जुन्या मास्कची विसाची हद्द इथे सहज ओलांडली जाते. मग वरून हवा पोटात, खालून गॅस पोटावर, आणि मध्ये आईचं ते ढिलं, वर्षानुवर्षं कुरकुरणारं अन्ननलिकेचं दार.

‘नव्या मास्कवर पित्ताशयाची ऑपरेशनं होत नाहीत का?’ मी तोवर बरंच वाचलं होतं, आणि अर्धवट वाचलेल्या माणसाइतकं आगाऊ कुणी नसतं.

‘होतात. प्रोसील, आय-जेलवर काही जण करतात, नीट पेशंट निवडून, आणि चांगलं करतात. बारीक अंगाचा, अ‍ॅसिडिटी नसलेला पेशंट असेल तर मीही विचार केला असता. शुगर, वजन आणि दोन उशा, या तिन्ही गोष्टी एकत्र असताना नाही.’

इंग्लंडमध्ये २०११ मध्ये ‘नॅप-४’ नावाची मोठी राष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. भुलेतल्या श्वासमार्गाच्या अपघातांची वर्षभर नोंद घेतली होती. तिथे तेव्हा निम्म्याहून जास्त भुली मास्कसारख्या उपकरणांवर दिल्या जात होत्या, आणि त्या प्रचंड संख्येच्या मानाने गंभीर घटना थोड्याच. पण भूल देताना श्वासमार्गाच्या भानगडीतून झालेल्या मृत्यूंमध्ये सगळ्यांत मोठं कारण नळी न जमणं नव्हतं. पोटातलं फुप्फुसात जाणं, हे होतं. ज्याला ट्यूब द्यायला हवी होती त्याला मास्क दिला, असं त्यात वारंवार आढळलं. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘इंग्लंडात तिखट खात नाहीत तरी?’

ट्यूब घातली की दाबाची चिंता मिटते असं मात्र नाही, फक्त जागा बदलते. पोटात हवा जायची भीती गेली, आता फुप्फुसाला किती ताणायचं हा प्रश्न. आणि इथे मला सगळ्यांत आवडलेला नियम आहे. हवेचं माप वजनावर नाही, उंचीवर ठरवतात. माणूस जाड होतो, फुप्फुसं होत नाहीत! आईचं वजन ७२, पण ५ फूट उंचीच्या बाईचं हिशोबाचं वजन येतं ४५.५ किलो. किलोमागे ७ मिलिलिटर धरले तर एक श्वास ३२० मिलिलिटरचा, दोन कटिंग चहाच्या ग्लासांपेक्षा थोडा जास्त. पूर्वीच्या १० ते १२ मिलिलिटरच्या पद्धतीने आणि काट्यावरच्या वजनाने मोजलं असतं, तर तिला एका श्वासाला ७०० च्या वर हवा कोंबली गेली असती.

फ्रान्समध्ये २०१३ मध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांच्या ४०० रुग्णांवर हेच ताडून बघितलं. एका गटाला जुने मोठे श्वास. दुसऱ्याला ६ ते ८ मिलिलिटरचे छोटे श्वास, श्वास सोडल्यावरही फुप्फुसं मिटू नयेत म्हणून ठेवलेला थोडा शिल्लक दाब, म्हणजे पीप, आणि अधूनमधून फुप्फुसं उलगडवणं. मोठ्या गुंतागुंती २७.५ टक्क्यांवरून १०.५ टक्क्यांवर आल्या. मग कुणाला वाटलं, पीप चांगला तर भरपूर पीप अजून चांगला? २०१४ मध्ये ९०० रुग्णांवर १२ सेंटिमीटर विरुद्ध जेमतेम २, असं करून बघितलं. फुप्फुसांचा फायदा शून्य, उलट जास्त पीपवाल्यांचं बीपी पडलं. जिममध्ये आणि प्रोटीन पावडरच्या डब्यावर चालणारा ‘अजून टाका’चा मंत्र इथे आपटला.

आईचं ऑपरेशन सव्वा तास चाललं. चार्टवर तिची रेघ मी नंतर बोट फिरवून वाचली. सुरुवातीला १७. पोटात गॅस भरल्यावर २६. मॅडमनी श्वासाची संख्या वाढवली, मोड बदलला, आकडा २३ वर आणला आणि तिथेच धरला. पीप ६. गॅस काढल्यावर पुन्हा १८. त्या २६ च्या टिंबाकडे मी बराच वेळ बघत होते. त्या पाच मिनिटांत मी खाली कॅन्टीनमध्ये इडली खात होते.

मॅडम स्वतः कुठल्याच हॉस्पिटलच्या पगारावर नाहीत. आपल्या शहरांतली कितीतरी नर्सिंग होम्स अशाच फिरत्या भूलतज्ज्ञांवर चालतात. सकाळी इथे सिझेरियन, दुपारी तिथे हर्निया, संध्याकाळी तिसरीकडे कुणाचं तरी हाड. बॅगेत स्वतःचे लॅरिंगोस्कोप, वेगवेगळ्या मापांचे मास्क, फुग्याचा दाब बघायचा मीटर, कारण प्रत्येक ठिकाणी सगळं असेलच असं नाही. मीही फ्रीलान्सर, त्यामुळे मला एकदम जवळच्या वाटल्या. फरक एवढाच की माझा मजकूर उशिरा गेला तर संपादक ओरडतात. बिलात त्यांचं नाव एका ओळीत होतं, रूम रेंट आणि नर्सिंग चार्जेसच्या मध्ये. भेटून सांगावं म्हणून मी रिकव्हरीबाहेर थांबले, तर त्या हेल्मेट घालूनच बाहेर आल्या, ‘आई बोलतायत, घसा बरा आहे, मिठाच्या गुळण्या द्या,’ एवढं म्हणाल्या आणि पुढच्या केसला गेल्या.

दोन दिवस आईचा आवाज घोगरा होता. ती तो दर तासाला ‘सा’ लावून तपासत होती आणि माझ्याकडे रागाने बघत होती. चौथ्या दिवशी ‘सा’ जागेवर आला. त्यानंतरच्या एकादशीला ती मंडळात गेली, दोन अभंग म्हणाली, पण वरच्या सुरावर थांबली. मी धास्तावून विचारलं, आवाज लागत नाहीये का?

‘आवाज लागतोय गं,’ ती म्हणाली. ‘टाके ओढतायत.’